बदली झाली, घर सुटलं, वायफायचं काय?

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस म्हणजे सामान हलवायचे दिवस, त्यामुळे यावेळी आलेल्या पत्रांतली निम्मी वायफायची आहेत. कुणाची बदली झाली, कुणी पोरांच्या शिक्षणापायी अमरावती नाहीतर नागपूरला खोली केली, कुणाचं घरकुल मंजूर झालं म्हणून जुनं घर पाडलं, आणि सगळ्यांचं विचारणं फिरून फिरून तेच, की मुदत संपायच्या आधी कनेक्शन सोडलं तर कंपनी किती कापते, उरलेलं देते का, आणि नाही दिलं तर आपण काय करायचं. नावं कुणाचीच छापत नाही, कंपन्यांचीही नाही. पत्रं जागेपुरती छाटली आहेत, भाषा ज्याची त्याची राहू दिली आहे.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. आतापर्यंत वरुड तालुक्यात होती, आता बदली धारणी तालुक्यात आतल्या गावी झाली, अवघड क्षेत्र. मागच्या दिवाळीत आम्ही एका खासगी कंपनीचं फायबर घेतलं, वर्षाचे पैसे एकदम भरले म्हणून दोन महिने फुकट, बसवायचा खर्च माफ, बॉक्स पण त्यांचाच. आता नवीन गावात त्या कंपनीची लाईनच नाही. कस्टमर केअरची मुलगी म्हणते बारा महिन्यांचा लॉक-इन आहे, आधी सोडलं तर पैसे वापस मिळत नाहीत आणि वरून बसवायचा खर्च भरावा लागेल. मिस्टर म्हणतात मरू दे, बॉक्स कपाटात टाक आणि चल. काय करू?
— एक शिक्षिका, ता. वरुड

उत्तर : बाई, मिस्टरांचं यावेळी ऐकू नका. बॉक्स कपाटात गेला तरी कंपनीच्या हिशोबात तुमचं कनेक्शन चालूच राहतं. पोस्टपेड असेल तर वर्ष संपल्यावर पुढचं बिल निघतं, त्यावर लेट फी, मग वसुलीवाल्याचे फोन, आणि तुम्ही तेव्हा मेळघाटात, फोन लागला तर लागला. प्रीपेड असेल तर बिल निघणार नाही पण बॉक्सची किंमत तुमच्या नावावर उभी राहते. मला येणाऱ्या पत्रांवरून सांगते, लोकांचे पैसे दंडात जातात त्याच्यापेक्षा जास्त हे असं न सांगता निघून जाण्यात जातात.

आता त्या मुलीने काय केलं, तर तीन वेगवेगळे पैसे एकाच पिशवीत घालून तुम्हाला दाखवले. एक म्हणजे तुम्ही आगाऊ भरलेलं भाडं. दुसरा, माफ केलेला बसवायचा खर्च. तिसरं, बॉक्सचं डिपॉझिट, घेतलं असेल तर. फोनवर हे कधीच वेगळं होत नाही म्हणून फोन ठेवा आणि ईमेल करा, कंपनीच्या अ‍ॅपमधून केलं तरी चालते, आणि तिन्ही रकमा वेगवेगळ्या विचारा, कोणत्या अटीखाली काय कापणार ते कलमासकट लिहून मागा. ती अट तुम्ही कधी मान्य केली हेही विचारा. तुम्ही म्हणाल आम्ही कुठे सही केली, पण बसवायला आलेल्या मुलाने मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला असेल ना, तीच आजकाल सही धरतात. त्या दिवशी आलेले मेसेज, ईमेल शोधा, बहुतेक वेळा त्यातच अटींची लिंक असते आणि आपण ती कधी उघडलेली नसते.

हिशोब कसा मांडतात तेही पाहून घ्या. समजा प्लॅन महिन्याला ५९९ चा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. दहा महिन्यांचे भरून बारा मिळाले तर तुम्ही भरले ७,०६८. सात महिने वापरलं, पाच उरले. तुम्ही बाराने भागणार आणि म्हणणार माझे २,९४५ परत द्या. कंपनी म्हणणार, तुम्ही वर्ष पूर्ण केलं नाही म्हणून फुकटचे दोन महिने गेले, सात महिन्यांचे पूर्ण दराने ४,९४८ झाले, उरले २,१२०, त्यातून बसवायचा खर्च समजा हजार आणि त्यावर जीएसटी असे १,१८० वजा, हातात ९४०. दोन्ही हिशोबात दोन हजाराचा फरक पडला आणि खरं सांगायचं तर कंपनीचा हा हिशोब मला अगदीच अन्यायाचा वाटत नाही, सवलत वर्षाची होती आणि वर्ष झालं नाही. पण तुम्हाला जे सांगितलं ते याहूनही पुढचं आहे, उरलेले सगळे पैसे आम्हीच ठेवणार आणि बसवायचा खर्चही वेगळा घेणार. इथे भांडायला जागा आहे, कारण पाच महिने ते काहीच सेवा देणार नाहीत, त्यांच्या लाईनवरची तुमची जागा, म्हणजे पोर्ट, दुसऱ्या कुणाला देऊन त्याच्याकडूनही पैसे घेणार.

भांडायच्या आधी एक काम करा, बंद करायचा अर्ज लगेच टाकू नका, पहिले शिफ्टिंगचा अर्ज टाका. नवीन गावाचा पत्ता, पिनकोड सगळं देऊन. ते उत्तर देतील की त्या ठिकाणी आमची सेवा नाही. हेच उत्तर तुम्हाला लेखी पाहिजे. त्याच्या जोडीला बदलीचा आदेश लावा आणि मग बंद करायचा अर्ज करा, त्यात लिहा की मी कनेक्शन न्यायला तयार होती, तुम्ही देऊ शकत नाही, म्हणून बंद करते आहे, लॉक-इनची वसुली माफ करून उरलेलं आगाऊ भाडं परत करा. यामुळे कंपनीवर माफी देणं कायद्याने बंधनकारक होतं असं नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण मागणीला वजन येतं, आणि वरच्या पातळीवर बसलेल्या माणसाकडे माफ करायचे अधिकार असतात, फोन उचलणाऱ्या मुलीकडे नसतात. कायद्याचा आधारही थोडा आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं आहे की करारात दंड लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर नुकसानीच्या मानाने फारच जास्त दंड लावणारा करार हा अनुचित करारात मोडतो. ईमेलमध्ये या दोन ओळी टाका, उत्तराची भाषा बदलते.

मग बॉक्स. कंपनीचा माणूस न्यायला येईल तेव्हा बॉक्स, त्याचा अ‍ॅडॅप्टर आणि छोटी पिवळी वायर तिन्ही द्या, मागच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, आणि पोच घ्या. तो म्हणेल मॅडम काही लागत नाही, सिस्टीममध्ये होऊन जाते. तरी घ्या, कागद नसला तर त्याच्याच मोबाईलवरून तुम्हाला मेसेज करायला लावा की अमुक नंबरचा बॉक्स आज मिळाला. पोरं काम सोडून जातात, बॉक्स त्यांच्या डिक्कीत राहतो आणि बिल तुम्हाला येते. निघायच्या आदल्या दिवशी बोलावू नका, आमच्याकडे माणूस नाही म्हणतील आणि तुमचा टेम्पो उभा असेल. आठ-दहा दिवस हातात ठेवा.

अर्ज केल्यावर तक्रार क्रमांक मिळतो त्याला डॉकेट नंबर म्हणतात, तो वहीत लिहा. डिपॉझिट असेल तर ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था, तिच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे बंद झाल्यापासून ४५ दिवसांत परत यायला पाहिजे. तक्रारीचं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते, फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. लोक सरळ ट्रायला पत्र लिहितात, पण ट्राय एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, कंपनीकडे पाठवून देते, म्हणून तिथे वेळ घालवू नका. अपिलातही नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा, मराठीत बोलता येते, आणि शेवटी अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ग्राहक ज्या जिल्ह्यात राहतो तिथे केस टाकता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या टाकता येते आणि ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य आहे. कंपनीचे वकील म्हणतील टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, ते जुनं झालं, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चालतात असं स्पष्ट सांगितलं आहे.

आणि नवीन गावात नेट घ्यायचं तर कंपनीला विचारू नका, गावातल्या शाळेतल्या जुन्या गुरुजींना विचारा, ग्रामपंचायतीत भारतनेटचं, म्हणजे गावोगावी फायबर न्यायच्या सरकारी योजनेचं, कनेक्शन चालू आहे की नुसता डबा लटकला आहे ते पाहा, लाईट दिवसातून किती वेळ असते तेही विचारा. पहिले सहा महिने एका वेळी एका महिन्याच्या वर पैसे भरू नका.

प्रश्न : ताई, आमचं गाव नेर तालुक्यात. गावातल्या केबलवाल्या पोराकडून नेट घेतलं, वर्षाचे ५,००० रोख देले, पावती मांगितली तं म्हणे अ‍ॅपमधी दिसते. आता पोरगी अकरावीले गेली, अमरावतीले खोली केली, मी अन् पोरगी तिकडे राहू, घरधनी वावरापायी गावातच, पण त्याईले नेट कायले पाह्यजे. तीनच महिने झाले. पोरगा म्हणते वर्षाचं पॅक हाय, पैसे वापस होत नाई. वरून खांबापासून घरालोक वायर बी आमच्याच पैशाचा हाय. भांडण करावं तं रोज तोंड पाहा लागते.
— एक शेतकरी बाई, ता. नेर

उत्तर : तुमची शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे बाई. मोठ्या कंपनीशी भांडताना कुणाचं तोंड पाहावं लागत नाही, इथे पोरगा लग्नात वाढायला समोर येतो. म्हणून सुरुवात आयोगापासून करू नका.

सुरुवात करा ती अ‍ॅपपासून. पोरगा स्वतःच म्हणतो ना अ‍ॅपमध्ये दिसते, मग पाहा काय दिसते. पोरीला सांगा, तुमच्या कनेक्शनचा आयडी टाकून प्लॅन कधीपर्यंत चालू आहे ती तारीख काढ. गावोगावचे केबलवाले बरेचदा असं करतात की ग्राहकाकडून वर्षाचे रोख घेतात आणि वरच्या कंपनीत महिन्याच्या महिन्याला भरतात, बाकीचे पैसे तोवर त्यांच्या धंद्यात फिरत राहतात. अ‍ॅपमध्ये जर तारीख पुढच्याच महिन्याची दिसली तर तुमचे नऊ महिन्यांचे पैसे कंपनीकडे गेलेलेच नाहीत, पोराच्या खिशात आहेत, आणि मग पॅक वापस होत नाही या बोलण्यात दम राहत नाही. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. तारीख खरंच वर्षाची असेल तर मात्र त्याने वर पैसे भरलेले आहेत आणि त्यालाही ते सुटणं अवघड आहे, हे लक्षात घेऊन बोला.

रोखीचा पुरावा नाही याची काळजी करता ना, तर तो आता तयार करता येतो. घरधन्यांनी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज करावा, भाऊ आपण तीन महिन्याआधी वर्षाचे ५,००० देले होते, आता घरी कोणी राहत नाही, बाकीच्याचं काय करतो सांग. रागाचा एक शब्द नको. तो उत्तर देईल वापस होत नाही भाऊ पॅक वर्षाचं आहे, झालं, ५,००० घेतल्याचं त्यानेच लिहून दिलं.

मग गावातला मार्ग काढा. तुमच्या दिराकडे, शेजाऱ्याकडे, किराणा दुकानात कुणाला नेट घ्यायचं असेल तर उरलेले नऊ महिने त्याच्या घरी फिरवून द्या, तो तुम्हाला ३,००० द्यायला सहज तयार होईल, नवीन कनेक्शनपेक्षा त्याला स्वस्त पडते. वायर तुमची आहे, तीही तिकडे वापरता येईल, लांबी पुरली तर आणि वानरांनी मधात कुरतडली नसेल तर. फक्त एक, कनेक्शन त्या माणसाच्या नावावर, त्याच्या आधारवर करून द्यायला लावा, नुसता बॉक्स उचलून नेऊ देऊ नका. का ते खाली एका बाईंना सांगितलं आहे.

हे काहीच जमलं नाही तर बिल किंवा अ‍ॅपवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते पाहा. गावातला पोरगा हा बहुतेक वेळा एजंट असतो, इंटरनेट द्यायचं लायसन्स वरच्या कंपनीचं असतं, आणि ग्राहक तुम्ही कंपनीचे. तिच्या कस्टमर केअरला सांगा की तुमच्या माणसाने वर्षाचे पैसे घेतले, पावती दिली नाही. एजंटला कंपनीचा फोन आला की वापस न होणारे पैसेही निम्मे तरी वापस होतात. आणि अमरावतीला राहायला गेल्यावर केस टाकायची वेळ आली तर अमरावतीच्या आयोगातही टाकता येते, यवतमाळला खेटे घालावे लागत नाहीत. मला विचाराल तर दोन हजार हातात पडले की विषय सोडा.

प्रश्न : मी दोन वर्षांआधी हिंगणघाटला भाड्याने राहत होतो, नोकरी सुटली म्हणून गावाकडे वापस आलो. ब्रॉडबँडचा बॉक्स मालकाकडे ठेवून आलो, फोन करून सांगितलं होतं कंपनीला बंद करा म्हणून. आता कंपनीकडून राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली, साडेसहा हजार थकबाकी. घरचे घाबरले, बाबा म्हणतात कोर्टाचं लफडं आलं, सरळ भरून टाक. सिबिलमध्ये पण नाव गेलं असेल का? कर्ज काढायचं आहे.
— एक तरुण, जि. वर्धा

उत्तर : बाबांना पाणी द्या आणि सांगा की हे वॉरंट नाही. बँका आणि टेलिकॉम कंपन्या अशा जुन्या थकबाकीची दाखलपूर्व प्रकरणं लोकअदालतीत ठेवतात, दाखलपूर्व म्हणजे अजून केसच झालेली नाही, त्याआधी मिटवू म्हणून बोलावलं आहे. तिथे तडजोड दोघांच्या मर्जीने होते. तुम्हाला पटलं नाही तर नाही म्हणता येते, तुमच्या मर्जीविरुद्ध कुणी हुकूम लादू शकत नाही. पण तडजोड करून सही केली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी पक्की, त्यावर अपील नाही, म्हणून घाईत सही करू नका.

जा मात्र नक्की. न गेल्याने काही अटक होत नाही, पण कंपनीचा माणूस समोर बसलेला असताना मिटवायची इतकी चांगली संधी परत मिळत नाही. जायच्या आधी कंपनीकडून महिन्यावार खातेउतारा मागा. साडेसहा हजारात काय काय आहे ते कळलं पाहिजे. तुम्ही गाव सोडलं त्या महिन्यापर्यंतचं बिल असेल तर ते द्यायला पाहिजे. त्यापुढचे महिने असतील तर विचारा, डेटा किती वापरला गेला? शून्य असेल तर शून्याचंच भाडं कसं लावता? बॉक्सची किंमत असेल तर मालकाला फोन करून पाहा, बॉक्स अजून माळ्यावर पडला असण्याचीच शक्यता जास्त, तो आणून लोकअदालतीतच टेबलावर ठेवा आणि ती रक्कम कापायला लावा. तुम्ही फोन करून सांगितलं होतं ना, त्या वेळचा नंबर, तारीख, कॉल लॉग, काही मेसेज सापडतो का शोधा. नाही सापडला तर तोंडीच सांगा, पण ठाम सांगा. अशा प्रकरणांत कंपन्या रक्कम बरीच खाली आणतात, कारण साडेसहा हजारासाठी दिवाणी दावा लावणं त्यांनाही परवडत नाही, आणि पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती सरत चालली आहे हे त्यांनाही माहीत असते.

तडजोड झाली तर पैसे रोख देऊ नका, पावती आणि थकबाकी शून्य असल्याचं पत्र घ्या. हेच पत्र सिबिलसाठी लागेल. टेलिकॉम कंपन्याही क्रेडिट ब्युरोला पोस्टपेडची माहिती देतात, म्हणून तुमचा रिपोर्ट काढून पाहा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात ही थकबाकी दिसली तर कंपनीच्या पत्रासह दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. बँकेच्या साहेबाकडे जायच्या आधी हे करा, नंतर नाही.

वकिलाची गरज वाटली तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे सल्ला फुकट मिळतो. बाया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तर उत्पन्नाची अटही नाही.

प्रश्न : मी आरोग्यसेविका, सिंदेवाही तालुक्यात उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहते. माझी बदली झाली. माझ्या जागी येणाऱ्या सिस्टर म्हणतात कनेक्शन राहू द्या, मी दर महिन्याला भरत जाईन, तुमचा लॉक-इन पण वाचेल. चांगलं नाही का?
— एक सिस्टर, जि. चंद्रपूर

उत्तर : त्या सिस्टर चांगल्याच असतील. पण कनेक्शन तुमच्या आधारवर आहे, म्हणजे त्या वायफायवरून उद्या कुणी काही उद्योग केला, सिस्टरच्या भाच्याने म्हणा नाहीतर क्वार्टरच्या भिंतीपलीकडे पासवर्ड मिळालेल्या पोराने, तर पोलीस आयपीवरून, म्हणजे कनेक्शनच्या इंटरनेटवरच्या नंबरावरून, ज्या नावाशी पोचतील ते तुमचं. ऑनलाइन फसवणुकीच्या केसेस आता आपल्या तालुक्यातल्या ठाण्यातही येतात. बिल थकलं तरी तुमचंच नाव. म्हणून राहू द्या, पण नाव बदलून. कंपनीत मालकी हस्तांतरणाचा अर्ज असतो, दोघींची ओळखपत्रं लागतात, मागची बाकी शून्य लागते. तो झाला की लॉक-इनही बहुतेक वेळा त्यांच्यावर जातो, तुम्ही मोकळ्या. जायच्या आधी तुमचे मोबाईल, टीव्ही त्या वायफायवरून काढा, पासवर्ड बदलून त्यांच्या हाती द्या. नाव बदलत नाही म्हणाले तर सरळ बंद करा, सिस्टरला नवीन घेऊ द्या. यात मन मोडलं तरी चालेल.

प्रश्न : घरकुल मंजूर झालं, जुनं घर पाडलं, पाच-सहा महिने वावरातल्या खोपडीत राहणं आहे. बंद करायचं की भरत राहायचं?
— एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : दोन्ही नाही. तात्पुरतं थांबवता येते का विचारा, बीएसएनएलमध्ये लँडलाईनसाठी याला सेफ कस्टडी म्हणत आले आहेत, खासगीवाल्यांकडे वेगवेगळी नावं आहेत, काही देतात, काही नाही देत. थांबवलेले महिने लॉक-इनमध्ये धरणार की मुदत तेवढी पुढे जाणार हे आधीच लेखी विचारा, नाहीतर घर बांधून झालं तरी वर्ष काही संपत नाही. बॉक्स खोपडीत नेऊ नका, वीज कडाडली की पहिले तोच जातो, नातेवाईकाकडे ठेवा. आणि पाडायच्या आधी फायबरची वायर वरून कापू देऊ नका, गुंडाळून खांबाला बांधून ठेवायला सांगा, गवंड्याला वायर आणि सुतळी सारखीच.

प्रश्न : घर सोडून दोन महिने झाले, बंद करायला सांगितलं तरी यूपीआयमधून दर महिन्याला पैसे कटतच आहेत. बँकेत गेलो तर म्हणतात तुमचं तुम्ही पाहा.
— एक वाचक, ता. साकोली

उत्तर : यावेळी बँकेचं बरोबर आहे. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून परवानगी दिली होती त्यातच ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो, तिथे त्या कंपनीचं नाव दिसेल, ते रद्द करा, पिन टाकला की झालं. कार्डावरून कटत असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा कार्डाच्या हेल्पलाईनवरून रद्द होते. पैसे कटायच्या २४ तास आधी सूचना यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, ते मेसेज तुमच्याकडे आलेच असतील, आपण वाचत नाही. बंद करायचा अर्ज दिल्याचा नंबर असेल तर त्या तारखेनंतर कटलेले दोन्ही महिने परत मागा, नंबर नसेल तर आज अर्ज करा, नंबर घ्या, आणि मगच ऑटोपे काढा. उलटं केलं तर तुम्ही पैसे बुडवून पळालात असं त्यांच्या खात्यात दिसते, आणि वर हिंगणघाटच्या दादांना आली तशी नोटीस साकोलीलाही येते.